कंपनीच्या नावानं येणारे खोटे फोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाईट बिल, गॅस, बँक, सिमकार्ड, पार्सल यांच्या नावानं येणाऱ्या फोनबद्दल कोल्हापूर शहर, इचलकरंजी, हुपरी, कागल, गडहिंग्लज या भागांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. पैसे आत्ताच गेले असतील तर वाचत बसू नका. आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, मग थेट प्रश्न १५ वर या.

१. फोन खरा आहे की खोटा, हे बोलण्यावरून कसं ओळखायचं?

ओळखायला जाऊच नका. पूर्वी मोडकंतोडकं मराठी ऐकलं की शंका यायची. आता "काय म्हणताय साहेब, जेवण झालं का?" अशी सुरुवात करणारेही आहेत. तुम्ही विचाराल त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर समोरच्याकडं तयार असतं: कर्मचारी क्रमांक, शाखेचं नाव, तक्रार क्रमांक, सगळं. "शाहूपुरी शाखा का राजारामपुरी?" असं विचारून त्याला पकडता येईल असं वाटतं, पण नकाशा त्याच्याही समोर उघडा असतो.

आलेल्या फोनची खात्री त्याच फोनवर होत नाही. "बरं, बघतो" म्हणून फोन ठेवायचा आणि आपण उलटा लावायचा. नंबर घ्यायचा तो छापील बिलावरून, कार्डाच्या मागून, पासबुकावरून किंवा तुमच्याकडं आधीपासून असलेल्या अधिकृत ॲपमधून. त्यानं दिलेला नंबर, त्यानं पाठवलेली लिंक आणि "गूगलवर असं असं टाकून बघा" हा त्याचा सल्ला, तिन्ही सोडून द्या. काम खरं असेल तर दहा मिनिटांनीही ते तसंच असतं.

२. मग सावध व्हावं अशी लक्षणंच नाहीत का?

आहेत, पण ती आवाजात शोधू नका. तो तुमच्याकडून काय करून घेतोय ते बघा. मुदत आजचीच असते. फोन ठेवू देत नाही, "लाईनवरच राहा" म्हणतो. घरच्यांना किंवा बँकेतल्या माणसाला सांगू नका म्हणतो. आणि शेवटी तुमच्याच हातानं काहीतरी दाबायला लावतो: ॲप टाका, कोड वाचा, एक रुपया पाठवा, पिन टाका. यातलं शेवटचं एकटं दिसलं तरी फोन ठेवायला पुरेसं आहे.

३. "आज रात्री साडेनऊला लाईट तोडणार" असा मेसेज आलाय. खरंच तोडतील का?

नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संध्याकाळी मेसेज आणि रात्री अंधार, असं कायद्यात बसत नाही. दुसरी खूण म्हणजे पाठवणारा. महावितरणचे मेसेज एमएसईडीसीएल या अक्षरांच्या नावानं येतात, दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाहीत.

मेसेजमधल्या 'अधिकाऱ्याला' फोन लावला की संभाषण साधारण असं होतं:

"नमस्कार सर, बिजली विभागातून बोलतोय. तुमचं मागचं बिल अपडेट झालेलं नाही."
"भरलंय की ओ. परवाच ऑनलाइन भरलं."
"हो सर, पैसे आलेत, पण सिस्टीमला अपडेट नाहीत. अपडेट करायला दहा रुपये फक्त. मी एक ॲप पाठवतो, त्यात नऊ आकडे दिसतील, ते सांगा."

इथं तीन गोष्टी बघा. एक, 'बिजली विभाग'. आपल्याकडं लाईट ऑफिस म्हणतात, कंपनी स्वतःला महावितरण म्हणवते. दोन, "भरलंय" हे तुमचं उत्तर त्यानं आधीच धरलेलं आहे, म्हणून 'अपडेट' हा शब्द. बिल भरलेलं असतं किंवा नसतं. भरूनही 'अपडेट न झालेलं' आणि त्यासाठी वेगळे दहा रुपये, असला प्रकारच नाही. तीन, ते नऊ-दहा आकडे. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट, रस्टडेस्क यांसारख्या ॲपमध्ये दिसणारा हा कोड सांगितला आणि परवानगीचं बटण दाबलं, की तुमची स्क्रीन त्याला दिसायला लागते. ही ॲप मुळात दुरून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांसाठी आहेत, त्यामुळं त्यांतली बरीचशी प्ले स्टोअरवर राजरोस मिळतात. दहा रुपये भरताना तुम्ही टाकलेला कार्ड नंबर आणि वर सरकत आलेला ओटीपी त्याला वाचता येतो. मोठी रक्कम जाते ती त्यानंतर.

शंका असेल तर महावितरणचं ॲप उघडून थकबाकी बघा, किंवा १९१२, १८००-२१२-३४३५, १८००-२३३-३४३५ यांपैकी नंबर लावा. हे चोवीस तास चालतात.

४. पण आमच्या वायरमनचा खरंच फोन येतो, आणि तोही साध्या मोबाईलवरून. त्याचं काय?

बरोबर आहे. थकबाकी असेल तर स्थानिक शाखेतले लोक स्वतःच्या मोबाईलवरून फोन करतात. त्यामुळं "साध्या नंबरवरून आला म्हणजे खोटा" हा नियम लावला तर खऱ्या माणसावर चिडाल. तो फोन निरोप म्हणून घ्या आणि त्या फोनवर पैशाचं काही करू नका. भरणा महावितरणच्या ॲपवर, वेबसाइटवर किंवा बिल भरणा केंद्रात करा. खऱ्या वायरमनला तुम्ही कुठं भरता याच्याशी देणंघेणं नसतं. खोट्याला त्यानं दिलेल्या जागीच हवे असतात.

५. सौर पंपासाठी अर्ज केलाय. "तुमचा नंबर लागला, हिस्सा आजच भरा" असा फोन आला.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा असतोच: सर्वसाधारण गटाला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. म्हणून हा फोन पटतो. फरक पैसे कुठं जातात यात आहे. हिस्सा भरायचा तो महावितरणच्या योजनेच्या पोर्टलवर, अर्ज क्रमांक टाकून. एखाद्याच्या वैयक्तिक यूपीआयवर किंवा 'डीलर'च्या बचत खात्यावर भरायचा नाही. 'फाइल चार्ज', 'सर्व्हे फी', 'यादीत वर घेण्याचे' म्हणून मागितलेली रक्कम योजनेत नाही. पोर्टलवर तुमच्या अर्जाची स्थिती दिसते. तिथं भरणा मागितलेला नसेल तर फोनवर कितीही सांगितलं तरी तो मागितलेला नाही.

६. त्याला माझं नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, गाडीचा नंबरही माहीत होता. मग तो कंपनीचाच असणार ना?

ही माहिती म्हणजे ओळखपत्र नव्हे. विजेचा १२ आकडी ग्राहक क्रमांक बिलावर छापलेला असतो आणि बिल दारात, जिन्यात, दुकानाच्या काउंटरवर पडलेलं असतं. त्या क्रमांकावरून बिलाची रक्कमही ऑनलाइन दिसते. पार्सलच्या खोक्यावर नाव, पत्ता, फोन असतो; खोकं रद्दीत टाकताना ते लेबल फाडायला कुणाला आठवतं? झेरॉक्सच्या दुकानात राहिलेलं आधार, कर्जाच्या ॲपला दिलेली परवानगी, कुठून तरी फुटलेल्या याद्या, वाटा पुष्कळ आहेत. कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगितले तरी तेच: ते पावतीवर छापले जातात.

७. ट्रूकॉलरवर बँकेचं नाव दिसतं, व्हॉट्सॲपच्या फोटोत लोगो आहे. तरी खोटं?

ट्रूकॉलरवरची नावं बरीचशी लोकांनीच दिलेली असतात. एकाच टोळीतल्या चार-पाच जणांनी नंबर 'बँक केवायसी' म्हणून सेव्ह केला तरी काम होतं. व्हॉट्सॲपवर लोगो लावायला तर काहीच लागत नाही.

नंबरच्या सुरुवातीचे आकडे जास्त उपयोगाचे. जाहिरातीचे फोन १४० नं सुरू होणाऱ्या मालिकेतून, आणि बँका व वित्तीय संस्थांचे सेवा-व्यवहाराचे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या मालिकेतून करावेत, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं आहे. तेव्हा "मी बँकेच्या मुख्यालयातून" म्हणणाऱ्याचा नंबर साधा दहा आकडी असेल तर संशय घ्याच. उलट बाजूनं मात्र हे वापरू नका: १६०० दिसलं म्हणून पिन सांगायचा नसतो. पडताळणी प्रश्न १ मधल्या पद्धतीनंच.

८. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी असणाऱ्या एस, पी, टी, जी या अक्षरांचा अर्थ काय?

पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी ही अक्षरं येतात. 'खाते बंद होणार' असा मेसेज दहा आकडी नंबरवरून आला तर त्याला हे काहीच नसतं. आणि बँकेच्या नावाची लिंक आली तर पत्ता बघा: रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'नं संपणाऱ्या पत्त्यावर जायचं होतं. शेवट महत्त्वाचा. मधे कुठंतरी 'बँक' शब्द असला म्हणून चालत नाही.

९. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही म्हणतात. मग गॅसवाला आणि पार्सलवाला मागतो तो?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि चूक "कुणालाच नाही" असं सरसकट सांगणाऱ्यांची आहे. सिलिंडर बुक केल्यावर येणारा पोहोच कोड खरा असतो आणि तो सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला द्यायचाच असतो. ऑनलाइन खरेदीच्या काही पार्सलांचंही तसंच.

तीन अटी पाळा. वस्तू दारात, डोळ्यांसमोर हवी. "येतोय, आधी कोड सांगा" चालणार नाही. कोड सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा. त्यात 'डिलिव्हरी' लिहिलंय की 'रु. ... भरण्यासाठी' किंवा 'लॉगिनसाठी' ते बघा. आणि तुम्ही काही मागवलेलं हवं. न मागवलेलं पार्सल 'रद्द करायला ओटीपी द्या' हा फोन सरळ खोटा, कारण रद्द करण्याचं काम ज्यानं ऑर्डर दिली त्याच्या ॲपमधून होतं.

गॅसचं ई-केवायसीही खरं आहे. ते एजन्सीत किंवा कंपनीच्या ॲपवर चेहरा दाखवून होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. फोनवर ओटीपी घेऊन होत नाही. गॅस गळतीसाठी नंबर १९०६ आहे, तो फक्त त्यासाठीच ठेवा.

१०. रिफंड मिळवायला क्यूआर स्कॅन कर, पिन टाक म्हणाला. पैसे येण्यासाठी पिन लागतो का?

लागत नाही. यूपीआय पिन टाकला की पैसे जातात, नाहीतर शिल्लक दिसते. येत कधीच नाहीत. क्यूआर स्कॅन करणारा देणारा असतो. महाद्वार रोडवर भाजी घेताना स्कॅन कोण करतं ते आठवा. एका व्यक्तीनं दुसरीला 'पैसे पाठव' अशी विनंती यूपीआयवर पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण दुकानदार खात्यांच्या विनंत्या चालू आहेत. त्यामुळं स्क्रीनवर पिन मागितला की वर 'पे' लिहिलंय का, ते वाचा.

याचंच भावंड: "चुकून तुमच्या खात्यात वीस हजार आले, परत पाठवा." आधी बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. जमा झाल्याचा मेसेज कुणीही टाइप करून पाठवू शकतो. पैसे खरंच आले असतील तरी आपण होऊन पाठवू नका, बँकेला लेखी कळवा आणि आले त्याच मार्गानं परत करायला सांगा. कारण प्रश्न १७ मध्ये आहे.

११. फोन त्यांनी केला नाही, मीच गूगलवर कस्टमर केअर शोधून लावला. तरी फसवणूक झाली. कशी?

कारण नंबर कंपनीचा नव्हता. नकाशावरच्या माहितीत बदल सुचवता येतो, जाहिरात विकत घेता येते, आणि कंपनीच्या सोशल मीडियावर तुम्ही तक्रार लिहिली की खाली 'हेल्पडेस्क' नावाचं खातं दहा मिनिटांत उत्तर देतं. फ्रीज दुरुस्ती, बसचं तिकीट, कुरिअर या शोधांत हे जास्त होतं. आपण फोन उलटा लावायचा म्हटलं ते खरं, पण नंबर कुठून घेतला यावर सगळं आहे. वॉरंटी कार्ड, बिल, वस्तूच्या मागचं स्टिकर, अधिकृत ॲपमधला 'मदत' विभाग यांवरचाच घ्या.

१२. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडली: बिल, चलान, लग्नपत्रिका असं काहीतरी नाव होतं. आता?

नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' होतं का? पत्रिका किंवा बिल पीडीएफ किंवा फोटो असतं. एपीके म्हणजे ॲप. ते टाकताना फोननं 'अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकू का' असं विचारलेलं असतं, आणि नंतर एसएमएस वाचण्याची परवानगी. ती दिली की तुमचे ओटीपी परस्पर दुसरीकडं जातात आणि तुम्हाला दिसतही नाहीत. फाइल डाउनलोड झाली पण इन्स्टॉल केली नसेल, तर पुसून टाका, एवढंच.

इन्स्टॉल झाली असेल तर या क्रमानं करा:

- मोबाईल डेटा आणि वाय-फाय बंद करा. ॲप काढत बसण्याआधी हे.
- दुसऱ्या फोनवरून बँकेला लावून यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड बंद करून घ्या.
- सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' आणि 'ॲक्सेसिबिलिटी' या यादीत ते ॲप असेल तर तिथली परवानगी आधी काढा. ती असेपर्यंत अनइन्स्टॉलचं बटण चालत नाही आणि लोक इथंच अडकतात.
- मग ॲप काढा. फोटो आणि नंबर वेगळे ठेवून फोन फॅक्टरी रिसेट करणं उत्तम.
- पासवर्ड आणि पिन रिसेटनंतर, नाहीतर दुसऱ्या फोनवरून बदला. त्याच फोनवर आधी बदलले तर नवेही त्याला कळतील.
- व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी काही असेल तर बाहेर काढा.

१३. "दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, ९ दाबा." ट्रायकडून असा फोन येतो का?

ट्राय ही दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था; ती ग्राहकांना नंबर बंद करण्याबद्दल फोन करत नाही. ९ दाबलं तर फोन टोळीतल्या माणसाकडं जातो. नुसतं दाबल्यानं पैसे जात नाहीत, पुढं बोलत राहिल्यानं जातात.

सिमच्या बाबतीत याहून घातक प्रकार दोन. पहिला कॉल फॉरवर्डिंगचा. 'नेटवर्क दुरुस्ती' किंवा 'पार्सल अडकलंय' म्हणून स्टार २१ स्टार किंवा स्टार ४०१ स्टार लावून पुढं एक मोबाईल नंबर डायल करायला सांगतात. मग तुमचे कॉल त्या नंबरवर जायला लागतात. एसएमएस जात नाहीत, पण व्हॉट्सॲपचा कोड फोन कॉलनं मागवता येतो, तेवढ्यात तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या हातात. तपासायला स्टार हॅश २१ हॅश, सगळं फॉरवर्डिंग रद्द करायला हॅश हॅश ००२ हॅश.

दुसरा ई-सिमचा, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणाऱ्या सिमचा. 'अपग्रेड'च्या नावाखाली तुमच्याकडून होकाराचा मेसेज पाठवून घेतात आणि तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये चालू होतो. भर वस्तीत रेंज अचानक गेली आणि शेजारच्याची आहे, तर दुसऱ्या फोनवरून आधी मोबाईल कंपनीला, लगेच बँकेला लावा.

तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथंच 'माझा नाही' म्हणून कळवता येतो.

१४. कुरिअर कंपनीनं सांगितलं, माझ्या नावच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले. मग फोन 'मुंबई पोलिसां'ना जोडून दिला.

खोटं. कुरिअर कंपनी पोलिसांना फोन जोडून देत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर अटक, 'डिजिटल अरेस्ट', असा प्रकार कोणत्याही कायद्यात नाही. कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात, घरात कुणाशी बोलू देत नाहीत आणि 'तपासासाठी' एफडी मोडून पैसे वर्ग करायला लावतात. कॉल कापा. पुन्हा लावतील, वर्दीतला माणूस दाखवतील, शिक्क्याचं पत्र पाठवतील. पत्र घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा किंवा ११२ लावा. बँकेत एफडी मोडायला गेलेल्या ज्येष्ठांना काउंटरवरच्या माणसानं "कशासाठी?" विचारलं तर राग मानू नका. पैसे वाचण्याची ती शेवटची जागा असते.

१५. पैसे गेले. आता नेमकं काय करायचं, कोणत्या क्रमानं?

शक्य असेल तर दोघांनी एकाच वेळी करा: एकानं १९३०, दुसऱ्यानं बँक. चोरलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत; ते तुकडे करून पुढं पाठवतात आणि एटीएममधून काढतात. १९३० वरून तक्रार गेली की पुढच्या बँकांना साखळीनं कळतं आणि जिथं रक्कम सापडेल तिथं ती अडवली जाते. म्हणून मिनिटं मोजायची असतात.

लावण्याआधी हातात ठेवा: तुमची बँक आणि खाते क्रमांक, रक्कम, वेळ, आणि व्यवहार क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक १२ आकडी असतो आणि ॲपच्या इतिहासात त्या व्यवहारावर टिचकी मारली की दिसतो. समोरच्याचा फोन नंबर किंवा यूपीआय आयडी असेल तर तोही. एकाहून जास्त व्यवहार असतील तर प्रत्येकाचा क्रमांक वेगळा द्या. एकाच क्रमांकावर सगळी बेरीज सांगितली तर बाकीच्यांचा माग लागत नाही.

तक्रारीचा पोच क्रमांक येतो. त्यावरून २४ तासांत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर, पूर्ण तक्रार भरायची. बरेच जण फोन झाला की निवांत होतात आणि ही पायरी राहून जाते. १९३० व्यग्र लागत असेल तर थेट पोर्टलवरच भरा.

बँकेकडून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या, मेसेज जपून ठेवा. चॅट, कॉल लॉग पुसू नका. लाज वाटून आधी तेच पुसलं जातं. मग जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात लेखी द्या. हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठं घडला याचा विचार न करता माहिती नोंदवून घ्यावी लागते. तोतयेगिरी करून फसवणुकीसाठी न्याय संहितेचं कलम ३१९ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड आहे.

१६. बँक पैसे परत देते का? खातं सहकारी बँकेत असेल तर?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे ठरलं. १४ डिसेंबर २०१७ ला सहकारी बँकांनाही तसंच लागू झालं. चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तुम्ही ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत तुमच्या अंगावर. त्यापुढं बँकेच्या धोरणाप्रमाणे. तक्रारीनंतर १० कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा, असंही त्यात आहे.

पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, आणि खोट्या फोनमध्ये बहुतेक वेळा तसंच असतं, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर गेलेलं बँकेचं. म्हणूनच कळवल्याची वेळ लेखी हवी. अडवलेली रक्कम परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागू शकतो. पोलीस ठाण्यात त्याबद्दल विचारत राहावं लागतं.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क नाही, मदतीचा नंबर १४४४८. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही; तिथली तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडं जाते. आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, त्यामुळं हा फरक आधीच माहीत असलेला बरा.

१७. मी कुणाला फसवलं नाही, तरी माझ्या दुकानाचं खातं गोठवलंय.

कुणाचे तरी चोरलेले पैसे फिरत फिरत तुमच्या क्यूआरवर आले असणार. बँकेला विचारा: पूर्ण खातं बंद आहे की ठरावीक रकमेवर रोख आहे, कोणत्या राज्याच्या पोलिसांची तक्रार आहे, तक्रार क्रमांक काय. मग त्या विक्रीचं बिल, मालाचा पुरावा आणि ग्राहकाशी झालेला संवाद त्या तपास अधिकाऱ्याला पाठवा. वादातल्या रकमेपुरतीच रोख ठेवावी अशी मागणी लेखी करा. हे सोडवतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. आणि महिन्याला चार-पाच हजारांसाठी स्वतःचं खातं किंवा सिम कुणाला वापरायला देणारी कॉलेजची मुलं 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटत नाहीत.

१८. व्यापाऱ्यांना कोणते फोन जास्त येतात?

दोन. पहिला साउंडबॉक्सचा, म्हणजे पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याचा: "भाडं बंद करून देतो, एक रुपया पाठवा, फोन जरा द्या." माणूस दुकानातही येतो. ओळखपत्रापेक्षा ॲपमधल्या मदत विभागात विनंती नोंदवलेली आहे का, ते बघा. फोन त्याच्या हातात देऊ नका.

दुसरा महागात पडणारा. इचलकरंजीत सुताचे किंवा शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कास्टिंगचे पैसे भरायचे असतात आणि पुरवठादाराच्या नावानं निरोप येतो: "ऑडिट चालू आहे, या नव्या खात्यावर टाका." बिल हुबेहूब तसंच, फक्त खाते क्रमांक वेगळा. खातं बदलल्याचा निरोप आला की जुन्या, आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर मालकाशी बोला. आरटीजीएस, एनईएफटीला खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायची होती. ते नाव वाचूनच पुढं जा. फर्मच्या जागी अनोळखी व्यक्तीचं नाव असेल तर थांबा.

१९. तक्रार केल्यावर "तुमचे पैसे सापडले, सोडवायला फी भरा" असा फोन आला.

तीच टोळी किंवा तिच्याकडून यादी घेतलेली दुसरी. पोलीस, १९३०, न्यायालय, रिझर्व्ह बँक यांपैकी कुणीही रक्कम परत देण्यासाठी फी घेत नाही. विमा कंपनीच्या किंवा विमा नियामक आयआरडीएआयच्या नावानं "जुन्या पॉलिसीचा बोनस अडकलाय" हा फोनही याच जातीचा. आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. विम्याची तक्रार १५५२५५ वर.

२०. पैसे गेले नाहीत, फक्त फोन आला. कळवायचं कुठं?

संचार साथीवर 'चक्षू' नावाचा विभाग आहे. नंबर, वेळ आणि स्क्रीनशॉट तिथं टाका; पाच मिनिटं लागतात. पैसे गेले असतील तर चक्षू नको, प्रश्न १५. नुसत्या जाहिरातींचा त्रास असेल तर १९०९.

२१. आई-बाबांच्या फोनवर काय करून ठेवावं?

व्यवहारासाठी वेगळं, थोडी शिल्लक असलेलं खातं यूपीआयला जोडा. पेन्शन आणि एफडीचं खातं जोडूच नका. कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी वापर बंद ठेवा, ही सोय प्रत्येक बँकेला द्यावी लागते. व्हॉट्सॲपमध्ये अनोळखी नंबरचे कॉल मूक करा. सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲप आणि ब्राउझर या दोघांची 'अनोळखी ॲप टाकण्याची' परवानगी बंद करा. प्रश्न १२ मधला सगळा खटाटोप त्यानं वाचतो. आधारचे बोटांचे ठसे यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) ॲपवरून लॉक करता येतात, पण रेशन ठशावर मिळत असेल तर त्या दिवशी उघडावे लागतील, हे लक्षात ठेवून करा.

कीपॅडचा फोन आहे म्हणून धोका नाही, असं समजू नका. ओटीपी त्यावरही येतो आणि तोंडानं सांगता येतो. घरातल्या लाईट मीटरशेजारी एक चिठ्ठी चिकटवा: १९१२, १९३०, बँकेच्या शाखेचा नंबर आणि तुमचा. मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या.